तेल्याची फवारणी आणि जिवाणूंची जनुकं

(दृश्य : सटाण्याजवळची डाळिंबाची बाग, फळांवरचे तेलकट डाग)

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. नाशिक जिल्ह्यातला हा कसमादे पट्टा. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेली फळं वाढत असताना आभाळ भरून आलं, की इथं एकच धास्ती असते : तेल्या. झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा हा रोग. डागाळलेलं फळ तडकतं आणि वर्षाची मेहनत मातीत जाते.

त्यावर वर्षानुवर्षं एक छोटी पुडी फवारली गेली. तिच्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन. यातलं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडलं, क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी औषध म्हणून. म्हणजे माणसांचंच औषध.

(दृश्य : जिवाणूच्या पेशीचं रेखाटन)

जिवाणूच्या पेशीत रायबोसोम प्रथिनं घडवतात. स्ट्रेप्टोमायसिन त्यांना चिकटतं आणि प्रथिनं चुकीची बनू लागतात. पण काही जिवाणूंकडे 'एसटीआर-ए' आणि 'एसटीआर-बी' ही जनुकं असतात. त्यांच्यापासून बनणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, औषधाच्या रेणूला फॉस्फेट जोडतात. मग औषध चिकटतच नाही.

फवारणी ही जनुकं निर्माण करत नाही. औषधांना दाद न देणारी, म्हणजे प्रतिकाराची जनुकं फार जुनी आहेत. कॅनडातल्या ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही अशी काही जनुकं मिळाली. फवारणीनं होतं ते एवढंच, की जनुक नसलेले जिवाणू मरतात आणि असलेल्यांना रान मोकळं मिळतं.

त्यात ही जोडी अनेकदा प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर असते. ते कडं एका जिवाणूतून दुसऱ्यात, अगदी वेगळ्या जातीतही जातं. अमेरिकेत सफरचंदाच्या रोगजंतूत सापडलेली हीच जोडी माणसाच्या आतड्यातल्या जिवाणूंतही आढळली आहे. क्षयाचा जंतू अशी देवाणघेवाण करत नाही, हे इथं सांगायलाच हवं. पण आतड्यातले जिवाणू करतात. आणि एकाच कड्यावर सल्फासारख्या दुसऱ्या औषधांविरुद्धची जनुकंही असतात. फवारणी एका औषधाची, टिकाव लागतो साऱ्याच जनुकांचा.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारनं शेतीतल्या या मिश्रणावर बंदीचा मसुदा काढला. पण बाग वाचवायला निघालेल्या शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवणं आम्हाला मान्य नाही. त्याच्या हातात दुसरं काहीतरी द्यावं लागेल : रोगमुक्त रोपं, दर झाडानंतर निर्जंतुक केलेली छाटणीची कात्री, आणि जमेल तिथं मृगाऐवजी पावसाळा सरताना धरलेला हस्त बहार, म्हणजे फळं कोरड्या हवेत वाढतात.