गेंड्याच्या शिंगापासून निघालेली रेघ

हा डबा जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावचा. आमच्या किराणा दुकानात गल्ल्याखाली असायचा, आणि 30 जून 2011 पासून चार आणे, म्हणजे 25 पैशांची नाणी, चलनातून बाद झाले तेव्हा कोणी घेईना म्हणून पप्पांनी उरलेली सगळी चिल्लर यातच ओतली. स्टीलचे गेंडेवाले चार आणे, 1988 ते 2002 मधले.

आता ही दोन नाणी जवळून बघा. दोन्ही पुसट दिसताय ना? पण डावं गल्ल्यात, खिशात, आठवडे बाजारात फिरून घासलंय, म्हणून त्याचा उंच भाग सपाट झालाय, गेंड्याची पाठ चपटी झालीय आणि चमकही गेली. उजवं जवळजवळ कोरं आहे, फिरवलं की उजेड अजून त्यावर गरगर फिरतो, आणि तरीसुद्धा अक्षरं जाडी झालीयेत, कडेकडे ओढल्यासारखी. हे नाणं झिजलेलंच नाही हो, ज्या ठशानं ते छापलं तो ठसा झिजला होता! जळगावला एका दुकानदारानं असलंच नाणं बाजूला सारलं होतं, म्हणे "भाऊ, हाई घसायेल शे, दुसरं ली ले." मी तेच घेतलं.

टांकसाळीत कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते, वरून जोरात दाब बसतो, आणि त्या दाबानं धातू मधून बाहेर कडेकडे सरकतो. सरकताना तो ठशाला घासत जातो, एकदा नाही, हजारो वेळा, मग ठशावर मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषा पडतात आणि त्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर उमटतात. त्यात स्टील कडक, त्यामुळे ठसा लवकर थकतो. कधी तो तडकतो. ठशावर जे खोल ते नाण्यावर उंच, म्हणून तडा गेलेल्या ठशाची रेघ नाण्यावर वर आलेली दिसते, आणि रेघ खोल असेल तर तो नंतर कुणीतरी मारलेला ओरखडा. एवढं ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं, सोनार लोक वापरतात तसलं.

आता माझ्याजवळची सगळ्यात लाडकी तीन नाणी. साल एकच, सालाखाली तारा तिघांवर, म्हणजे हैदराबादच्या टांकसाळीची खूण. पहिल्यावर गेंड्याच्या शिंगापासून केसाएवढी रेघ निघते, दुसऱ्यावर ती अर्ध्यात पोचते, तिसऱ्यावर थेट कडेला जाऊन भिडते. शिवाय कानामागे एक बारीक पुटकुळी तिघांवर त्याच जागी, म्हणजे ठसा एकच. तो ठसा मी कधी बघितला नाही आणि बघणारही नाही, काम झालं की ठसे नष्ट करतात, पण त्याचं म्हातारपण माझ्या हातात आहे, क्रमानं लावलेलं. मला दुर्मिळ नाण्यापेक्षा हे फार मोठं वाटतं.

भुसावळहून गाडीत बसलं की बुऱ्हाणपूर येतं, आज मध्य प्रदेशात असलं तरी जुन्या खानदेशची राजधानी तीच. तिथं मुघलांची टांकसाळ होती, ठसे हातानं कोरलेले, नाणी हातोड्यानं ठोकलेली, आणि ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे रुपयावर बऱ्याचदा गावाचं नाव अर्धंच येतं. तिथं पुसटपणा कशाचा हे ठरवणं अवघड जातं, ठोका कमी बसला की ठसा थकला?

एक चूक मात्र सांगतो, तुम्ही करू नका. 1957 चा एक नया पैसा, ब्राँझचा, त्यावर ठशाच्या रेषा इतक्या सुंदर होत्या, आणि मी तो चिंच-मीठ लावून घासला. लख्ख झाला. रेषा गेल्या, पुरावाच गेला. अजून वाईट वाटतं.

आणि ऑनलाइन कोणी असल्या नाण्याला "एरर", म्हणजे छापताना चुकलेलं दुर्मिळ नाणं, म्हणून हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका, थकलेल्या ठशाची नाणी भरपूर सापडतात, वेळ लागतो फक्त बघायला.

मला अजून चौथं हवंय. तडा कडेला पोचला की पुढं कधी ठशाचा तुकडाच पडतो, आणि त्या जागी नाण्यावर नुसता धातूचा फुगा येतो, नक्षी नाही. त्या ठशाचा तुकडा पडला की त्याआधीच तो काढून टाकला, कोण जाणे. डब्यातली अर्धी चिल्लर बघायची बाकी आहे.