स्कूल बोर्डाची निवडणूक: पक्ष मतपत्रिकेवर नाही, दारात उभा

[दृश्य: नोव्हेंबरमधली सकाळ. शाळेच्या जिममध्ये मतदान केंद्र. बाहेर दोन घडीची टेबलं, त्यांवर रंगीत कागदांचे गठ्ठे.]

निवेदन:

व्हर्जिनिया राज्यातली फेअरफॅक्स काउंटी. वॉशिंग्टनहून पोटोमॅक नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर लागते. इथल्या सरकारी शाळांमध्ये सुमारे १ लाख ८० हजार मुलं शिकतात. या शाळांचा कारभार १२ जणांचं स्कूल बोर्ड बघतं आणि दर चार वर्षांनी या बाराही जागांची निवडणूक एकदम होते.

मतदान सकाळी ६ ते संध्याकाळी ७. केंद्राच्या दारापासून ४० फुटांच्या आत प्रचाराला बंदी आहे, म्हणून कार्यकर्ते त्या रेषेबाहेर उभे राहतात आणि येणाऱ्याच्या हातात एक कागद देतात. हा कागद जवळून बघण्यासारखा आहे. वर मोठ्या ठशात 'सॅम्पल बॅलट' असं छापलेलं असतं. कायद्यानुसार हा ठसा २४ पॉइंटपेक्षा लहान चालत नाही. कागदही पांढरा किंवा पिवळा चालत नाही, कारण तो खऱ्या मतपत्रिकेसारखा दिसता कामा नये. खाली मतपत्रिकेची हुबेहूब नक्कल असते आणि पक्षाच्या पसंतीच्या नावांपुढचे गोल आधीच भरलेले असतात.

[दृश्य: मतपत्रिकेचा नमुना. कॅमेरा वरून खाली सरकतो.]

आता आतली खरी मतपत्रिका. वर राज्याच्या विधिमंडळाचे उमेदवार, त्यांच्या नावापुढे पक्ष छापलेला. बरंच खाली स्कूल बोर्ड. तिथे फक्त नावं आहेत, पक्षाचा पत्ता नाही.

व्हर्जिनियात १९९२पर्यंत कित्येक दशकं स्कूल बोर्डाची निवडणूकच होत नव्हती, सदस्य नेमले जायचे. त्या वर्षी कायदा झाला आणि फेअरफॅक्सने १९९५ मध्ये पहिल्यांदा आपलं बोर्ड निवडलं. कायदा करतानाच एक कलम घालून ठेवलं: या निवडणुकीत कोणताही पक्ष उमेदवार देऊ शकत नाही. उभं राहायचं तर मतदारांच्या सह्या गोळा करायच्या, एवढा एकच रस्ता.

आपल्याकडे ग्रामपंचायत कशी लढवली जाते ते आठवा. पक्षचिन्ह नाही, पण कोणतं पॅनेल कोणाचं हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. इथेही तसंच आहे. अधिकृत उमेदवार नसतो, पक्ष पुरस्कृत उमेदवार असतो. डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांच्या काउंटी समित्या आपापले पुरस्कृत उमेदवार जाहीर करतात. २०१९ मध्ये फेअरफॅक्सच्या बाराच्या बारा जागांवर डेमोक्रॅटिक पक्ष पुरस्कृत उमेदवार निवडून आले. २०२३ मध्ये पुन्हा तेच, बारापैकी बारा.

या दोन निवडणुकांच्या मध्ये काय काय झालं ते भारतीय घरांना चांगलंच आठवत असेल. थॉमस जेफरसन हे इथलं नावाजलेलं विज्ञान-तंत्रज्ञान हायस्कूल. २०२० मध्ये बोर्डाने त्याची प्रवेश परीक्षा रद्द केली आणि प्रवेशाची पद्धतच बदलली. पहिल्या नव्या तुकडीत आशियाई वंशाच्या मुलांचं प्रमाण सुमारे ७३ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर आलं. काही पालक कोर्टात गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये खालच्या कोर्टात ते जिंकले, मे २०२३ मध्ये अपील कोर्टात हरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. एवढा वाद पेटलेला असताना नोव्हेंबर २०२३ची निवडणूक झाली आणि बोर्डावरचं पक्षीय चित्र जराही हललं नाही. रंगीत कागदाचं वजन किती, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

[दृश्य: सह्यांचा फॉर्म, एका रकान्यावर पेनाचं टोक.]

उमेदवारीचं काम १ जानेवारीला सुरू होतं. त्याआधी घेतलेली सही धरत नाहीत. काउंटीतल्या जागेसाठी १२५ वैध सह्या लागतात. जूनमधल्या तिसऱ्या मंगळवारी संध्याकाळी ७ पर्यंत सगळे कागद निवडणूक कार्यालयात पोचले पाहिजेत: सह्यांचे फॉर्म, उमेदवारीचं घोषणापत्र, पात्रतेचा दाखला आणि आर्थिक हितसंबंधांचं विवरण.

१२५ हा आकडा किरकोळ वाटतो. अडचण छाननीत येते. सही करणारा त्याच मतदारसंघातला नोंदणीकृत मतदार असावा लागतो. फेअरफॅक्समध्ये नऊ मतदारसंघ आहेत आणि आपण नेमके कोणत्या मतदारसंघात राहतो हे अनेकांना सांगता येत नाही. किराणा दुकानाबाहेर उभं राहून घेतलेल्या सह्यांपैकी बऱ्याच शेजारच्या मतदारसंघातल्या निघतात आणि बाद होतात. घर बदललं पण मतदार यादीतला पत्ता तोच राहिला, तर तीही सही जाऊ शकते. सह्या गोळा करणाऱ्याने फॉर्मच्या शेवटी नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करायचं असतं. ते राहिलं तर पानच्या पान वाया. म्हणून जाणकार उमेदवार २००च्या वर सह्या घेतल्याशिवाय थांबत नाहीत, आणि सह्या दारोदार जाऊन घेतात, हातात त्या मतदारसंघाची यादी धरून.

पक्षाचा पहिला उपयोग इथेच होतो. समितीकडे मतदार यादी असते, पायपीट करणारी माणसं असतात, नोटरी असतो. अपक्षाला हे सगळं घरच्या घरी जुळवावं लागतं.

दुसरा उपयोग मतविभागणी टाळण्याचा. बारापैकी नऊ जागा मतदारसंघांच्या आहेत, उरलेल्या तीन सबंध काउंटीच्या. या तीन जागांसाठी प्रत्येक मतदार जास्तीत जास्त तीन नावं निवडतो आणि सर्वाधिक मतं मिळवणारे पहिले तिघे निवडून येतात. एका विचाराचे पाच जण उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूने तीनच, तर पाचांची मतं फुटतात आणि दुसरी बाजू बाजी मारते. म्हणून पक्ष मोजून तीन नावं पुरस्कृत करतो. चौथ्याला थांबवणं हे समितीचं खरं काम. ते बंद दाराआड होतं आणि पाठिंबा मागणाऱ्यांमधला रुसवाफुगवा त्यातूनच येतो.

[दृश्य: सभागृह, खुर्च्यांच्या रांगा, मतपेटी.]

पाठिंबा ठरवायची रीत जागोजागी वेगळी आहे. काही ठिकाणी काउंटी समितीचे सदस्यच मतदान करतात. उमेदवाराकडून प्रश्नावली भरून घेतात, त्याला बैठकीत बोलायला थोडा वेळ देतात आणि मग हात वर किंवा चिठ्ठी. शेजारच्या आर्लिंग्टन काउंटीत पाच जणांचं बोर्ड आहे. तिथे डेमोक्रॅटिक पक्ष 'कॉकस' भरवत आला आहे, म्हणजे पक्षाने स्वतः घेतलेलं छोटं मतदान. त्यात कोणताही नोंदणीकृत मतदार भाग घेऊ शकतो, पण आधी पक्षाशी बांधिलकी सांगणाऱ्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. हरलेल्याने नोव्हेंबरात उभं राहायचं नाही, असा शब्द उमेदवारही देतात. मिनेसोटातल्या मिनियापोलिसमध्ये पक्षाच्या शहर अधिवेशनात ६० टक्के प्रतिनिधींची मतं मिळाली तरच पाठिंबा मिळतो, नाहीतर कोणालाच नाही.

एका पक्षाचा बालेकिल्ला असलेल्या भागात याचा परिणाम उघड आहे. खरी लढत वसंत ऋतूत, मोजक्या मतदारांसमोर उरकते. नोव्हेंबरातल्या मतदाराच्या हातात शिक्का मारणं तेवढं उरतं. पाठिंब्याच्या या पद्धतीवरचा हा आक्षेप आम्हाला रास्त वाटतो, आणि 'मतपत्रिकेवर पक्ष नाही' या उत्तराने तो निकालात निघत नाही.

[दृश्य: मेट्रो स्थानक, सकाळची गर्दी, गळ्यात ओळखपत्रं.]

उत्तर व्हर्जिनियात याला आणखी एक पदर आहे. इथली असंख्य घरं केंद्र सरकारच्या नोकरीवर चालतात. १९३९च्या हॅच कायद्याप्रमाणे केंद्रीय कर्मचाऱ्याला पक्षीय निवडणुकीत पक्षाचा उमेदवार होता येत नाही. स्कूल बोर्डाची निवडणूक कागदोपत्री अपक्षीय, म्हणून वाट मोकळी दिसते. पण कायद्याची अंमलबजावणी करणारं विशेष वकील कार्यालय फक्त कागद बघत नाही. उमेदवाराने पक्षाचा पाठिंबा मागितला, त्याची जाहिरात केली किंवा पक्षाची साधनं वापरली, तर प्रत्यक्षात ती निवडणूक पक्षीय झाली असं ठरू शकतं आणि नोकरीवर गदा येऊ शकते.

म्हणजे एखाद्या सरकारी प्रयोगशाळेतला गणितज्ञ किंवा अंदाजपत्रकं कोळून प्यायलेला अधिकारी बोर्डावर यायला लायक असला, तरी त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: पाठिंब्याशिवाय लढायचं किंवा नोकरी सोडायची. पाठिंब्याशिवाय लढणं म्हणजे काय, ते वरच्या बारा-शून्य निकालात दिसलंच.

[दृश्य: कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाची इमारत.]

मग पक्षांच्या पाठिंब्यावर बंदीच का घालत नाहीत? कॅलिफोर्नियाने घालून बघितली. तिथल्या राज्यघटनेत शाळा, शहर आणि काउंटी पातळीवरची पदं अपक्षीय आहेत. १९८६ मध्ये मतदारांनी सार्वमताने दुरुस्ती केली, की अशा पदांसाठी पक्षाने कोणाला पाठिंबाही द्यायचा नाही आणि विरोधही करायचा नाही. त्यानंतर दहा वर्षं कोर्टकचेरी चालली. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रकरण आलं, पण तंत्राच्या मुद्द्यावर मूळ प्रश्न तसाच ठेवून परत गेलं. अखेर १९९६ मध्ये फेडरल कोर्टाने बंदी मोडीत काढली. पाठिंबा जाहीर करणं हे भाषण आहे आणि भाषणाचं स्वातंत्र्य पक्षालाही आहे. २०१०च्या घटनादुरुस्तीनंतर तिथल्या कलमात एवढंच उरलं: पक्षाने उमेदवार द्यायचा नाही आणि मतपत्रिकेवर पक्ष छापायचा नाही. पाठिंब्याबद्दल अक्षर नाही.

फ्लोरिडात गोष्ट उलट्या बाजूने घडली. १९९८च्या घटनादुरुस्तीने तिथली स्कूल बोर्डं अपक्षीय झाली. उमेदवाराने प्रचारात स्वतःचा पक्ष सांगायचा नाही, असाही नियम होता. २०१८ मध्ये एस्कॅम्बिया काउंटीतल्या उमेदवाराने परिचयात आपण आयुष्यभर रिपब्लिकन असल्याचं लिहिलं आणि त्याला २०० डॉलर दंड झाला. पुढे फेडरल कोर्टाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. २०२२ मध्ये गव्हर्नर रॉन डिसँटिस यांनी राज्यभरातल्या स्कूल बोर्डांसाठी ३० उमेदवारांना जाहीर पाठिंबा दिला आणि त्यांतले बहुसंख्य निवडून आले. २०२४ मध्ये त्यांच्या यादीतल्या अनेकांचा पराभव झाला. त्याच नोव्हेंबरात, बोर्डांची निवडणूक पुन्हा पक्षीय करावी का, हे मतदारांना विचारलं. सुमारे ५५ टक्के 'हो' म्हणाले, पण घटनादुरुस्तीला ६० टक्के लागतात. प्रस्ताव पडला.

पेनसिल्व्हेनियाची तऱ्हा वेगळी. तिथे स्कूल बोर्डाचा उमेदवार दोन्ही पक्षांच्या प्राथमिक फेरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, एकाच वेळी उतरू शकतो. दोन्हीकडे जिंकला तर नोव्हेंबरात दोन्ही पक्षांकडून त्याचंच नाव. टेनेसीने २०२१ मध्ये काउंटी पक्षांना उमेदवार देण्याची मुभा दिली. इंडियानाने २०२५ मध्ये कायदा केला: उमेदवाराने पक्ष लिहावा, अपक्ष लिहावं किंवा रकाना कोरा ठेवावा.

[दृश्य: बोर्डाची सभा. माइकसमोर पालक.]

मतदाराने या पाठिंब्याचं करायचं काय? बोर्डाच्या हातात नेमकं काय असतं, ते आधी बघावं. सुपरिंटेंडंटची (शाळांच्या मुख्य प्रशासकाची) नेमणूक, कोणत्या वस्तीची मुलं कोणत्या शाळेत जाणार याच्या हद्दी, अभ्यासक्रम, बसच्या वेळा, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या सोयी. व्हर्जिनियात बोर्डाला कर लावता येत नाही. पैसे काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाकडून मागावे लागतात आणि ते मंडळ उघडउघड पक्षाच्या तिकिटावर निवडून येतं. पैशांची मागणी करणारे आणि देणारे एकाच पक्षाचे असले की मागणी जोरात होते की गुळमुळीत, हा प्रश्न उमेदवाराला जरूर विचारावा.

पाठिंब्यावरून अभ्यासक्रमाच्या वादात कोण कोणत्या बाजूला आहे, ते बरंचसं कळतं. हद्दी आणि बस यांबद्दल मात्र काहीच कळत नाही. तिथे एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांच्या विरुद्ध असू शकतात, कारण प्रश्न वस्तीचा असतो. अशा वेळी उमेदवाराचं प्रश्नावलीतलं उत्तर आणि आधीच्या सभांमधलं मतदान, हे दोन कागद रंगीत कागदापेक्षा जास्त सांगून जातात. शिक्षक संघटनांचा पाठिंबा हा वेगळा मामला आहे, तो पक्षाच्या पाठिंब्यात मिसळू नये. आणि पैसा कुठून आला तेही तपासावं. व्हर्जिनियात उमेदवाराला किती देणगी द्यावी यावर मर्यादाच नाही, पण देणगीदारांचे तपशील जाहीर करावे लागतात.

फेअरफॅक्स आणि शेजारच्या लाउडन काउंटीतल्या मराठी घरांसाठी थोडं रोखठोक. मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्ड असेल तर मत नाही, पण देणगी देता येते. एच-१बी व्हिसावर असाल तर देणगीही नाही. ही बंदी केंद्रीय कायद्याची आहे आणि स्कूल बोर्डासारख्या स्थानिक निवडणुकीलाही लागू आहे. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून पत्रकं वाटायला हरकत नाही, मात्र प्रचाराच्या पैशांबद्दलच्या निर्णयांत भाग घ्यायचा नाही. बोर्डाच्या सभेत बोलायला व्हिसा आड येत नाही, त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं.

फेअरफॅक्सच्या बाराही जागांची पुढची निवडणूक २ नोव्हेंबर २०२७ला आहे. सह्या १ जानेवारी २०२७पासून घेता येतील. पक्षाचा पाठिंबा हवा असेल किंवा तो कोणाला मिळतो यात तुम्हाला बोलायचं असेल, तर नोव्हेंबरची वाट बघू नका. काउंटी समितीचं सदस्यत्व आदल्या हिवाळ्यातच घ्यावं लागेल, कारण पाठिंब्याच्या मतदानासाठी सदस्य कधीपासून असावं लागतं याचे नियम प्रत्येक समितीचे आपापले असतात.