सरळ रेघेचे अंतर आणि घड्याळाचा वेळ

श्रोतेहो, मालवणजवळच्या देवबागच्या टोकावर उभे राहिले की कर्ली खाडीपलीकडचा डोंगर हाकेच्या अंतरावर दिसतो; पण गाडीने तिथे जायचे म्हटले की मागे फिरून, पूल गाठून, मोठा वळसा घालावा लागतो. सिंधुदुर्ग जिल्ह्याचा चिपी विमानतळ त्याच पलीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले, तेव्हापासून मुंबई इथून किती लांब, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो.

हे अंतर नकाशावरून काढता येते. मुंबईचा विमानतळ सुमारे १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे आणि चिपी १६ अंशांवर. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजेच १.८५२ किलोमीटर. वैमानिकही याच मैलात अंतर मोजतात. फरक १८५ मिनिटांचा, म्हणजे सुमारे ३४३ किलोमीटर. चिपी मुंबईच्या थोडी पूर्वेला आहे, ते जवळजवळ ७० किलोमीटर काटकोनात धरले की कर्ण सुमारे ३५० किलोमीटरचा येतो. शाळेतल्या प्रत्येक मुलाकडून हे गणित एकदा करून घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

आता ताशी ८०० किलोमीटर वेगाने ३५० किलोमीटर कापायला २६ मिनिटे पुरतील, मग वेळापत्रक सव्वा तासाच्या आसपास का दाखवते? कारण तो वेग विमानाला उंचावर गेल्यावरच मिळतो. तीस हजार फुटांवरून उतरायला साधारण ९० सागरी मैल, म्हणजे सुमारे १६७ किलोमीटर लागतात. एवढ्या लहान प्रवासात निम्मी वाट उतरण्यातच जाते आणि उरलेल्यातली बरीचशी चढण्यात. शिवाय वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि विमानांना रांगेत थांबावे लागते.

यात घरून निघण्याचा वेळ अजून आलेलाच नाही. देवबागहून चिपीपर्यंत एक तास, दोन तास आधी हजेरी, सव्वा तास विमान, सामानासाठी अर्धा तास आणि तिथून दादरपर्यंत तासभर, असे धरले तर पावणेसहा तास होतात. कुडाळहून रात्रीच्या रेल्वेने याहून जास्त तास लागतात, पण ते झोपेत सरतात. म्हणून तातडीचे काम किंवा आजारी माणूस सोबत नसेल, तर मी रेल्वेचाच सल्ला देतो.

आषाढात सड्यावर ढग उतरले आणि विमान गोव्यातल्या मोपा विमानतळाकडे वळवावे लागले, तर चिपी ते मोपा हे अंतर सरळ रेघेत जेमतेम ४५ किलोमीटर आहे. तिथून चिपीला परतणारा रस्ता मात्र वळणावळणांचा आणि त्याहून बराच लांब आहे.