पावसातली सेंद्रिय आम्ले मोजताना

श्रोतेहो, आम्लवर्षा म्हटली की कारखान्यांची धुराडी आठवतात, आणि सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लांपुरते ते बरोबरही आहे. परंतु १९८०च्या सुमारास जेम्स गॅलोवे, जीन लायकन्स, विल्यम कीन आदी संशोधकांनी जगातल्या दुर्गम ठिकाणांचा पाऊस तपासायला घेतला, तेव्हा उत्तर ऑस्ट्रेलियातील कॅथरिन येथे, औद्योगिक शहरांपासून फार दूर असूनही, पावसाचा सामू (pH; तो जितका कमी तितके पाणी अधिक आम्लधर्मी) ४.८च्या आसपास भरला. हवेतील कार्बन डायऑक्साइडशी समतोल साधलेल्या शुद्ध पाण्याचा सामू ५.६ असतो, म्हणजे येथे हायड्रोजन आयन सहापट होते आणि सल्फेट-नायट्रेटच्या बेरजेत त्यांचा हिशेब बसत नव्हता.

हिशेब न बसण्याचे कारण बाटलीतच होते. पावसाच्या थेंबाबरोबर सूक्ष्मजीवही येतात आणि फॉर्मिक व ॲसेटिक ही पावसातली सेंद्रिय आम्ले म्हणजे त्यांचे आयते खाद्य असते, त्यामुळे नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ही आम्ले नाहीशी होत आणि सामू वर चढलेला आढळे. नमुना गोळा होताच त्यात थोडे क्लोरोफॉर्म घातले की जंतू मरतात आणि आम्ले टिकतात. माझ्या मते या विषयातली सर्वांत मोलाची सुधारणा हीच आहे, कारण महागडे यंत्रसुद्धा बाटलीत उरलेलेच मोजू शकते.

मोजणी आयन क्रोमॅटोग्राफीने होते. नमुना राळेच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून जातो, प्रत्येक आयन आपापल्या वेळी बाहेर पडतो आणि आलेखावर शिखर उमटते. अडचण अशी की नेहमीच्या ऋण आयनांच्या नळीत फ्लोराईड, ॲसेटेट आणि फॉर्मेट ही तिन्ही शिखरे सुरुवातीलाच एकमेकांना खेटून येतात. म्हणून अशा दुर्बल आम्लांसाठी आयन-वर्जन पद्धतीची, म्हणजे तीव्र आम्लांचे आयन आधीच बाहेर काढणारी, वेगळी नळी वापरतात. प्रमाण अगदी अल्प असते: लिटरमागे १० मायक्रोमोल फॉर्मिक आम्ल म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी, त्यामुळे कोरा नमुना, म्हणजे पावसाविना तसाच हाताळलेले शुद्ध पाणी, सोबत तपासावाच लागतो.

आकडा हाती आल्यावरही सामू लागतोच. सामू ४.७५ असता फॉर्मिक आम्लाचे सुमारे ९० टक्के रेणू हायड्रोजन आयन सोडून आयनरूप झालेले असतात, ॲसेटिक आम्लाचे मात्र निम्मेच. म्हणून समान प्रमाणात असूनही दोघांचा आम्लतेतला वाटा सारखा नसतो. कीन आणि गॅलोवे यांच्या मापनांनुसार दुर्गम प्रदेशांत मुक्त आम्लतेचा, म्हणजे पाण्यात सुट्या असलेल्या हायड्रोजन आयनांचा, अर्ध्याहून अधिक वाटा सेंद्रिय आम्लांचा असू शकतो, आणि त्यांचे स्रोत मुख्यतः वनस्पती, त्यांच्या वायूंचे हवेतील ऑक्सिडीकरण आणि वणवे हे आहेत.

आपल्याकडे चित्र वेगळे दिसते. भारतातील पावसात मातीच्या धुळीतले कॅल्शियम मिसळून पुष्कळदा सामू ५.६च्या वर जातो, आणि तशा पाण्यात हीच आम्ले फॉर्मेट व ॲसेटेट आयनांच्या रूपात असतात. नुसता सामू पाहणाऱ्याला ती दिसणारच नाहीत. त्यासाठी पावसाळ्याच्या पहिल्या सरीपासूनच क्लोरोफॉर्म घातलेली बाटली वेगळी ठेवावी लागते.