चैत्रातलं चढतं पाणी

(दृश्य: नर्मदेवरचा मोरटक्क्याचा पूल, भर दुपार. खाली काळे खडक, त्यांच्यामधून सरकणारी निळसर धार.)

अमरकंटकच्या डोंगरावर बर्फ साठत नाही. त्यामुळे उन्हं तापली, बर्फ वितळला आणि नदीला पाणी आलं, हा प्रकार नर्मदेच्या वाट्याला कधी आलाच नाही. तिचं सगळं पाणी पावसाचं. चार महिने भरून वाहायचं, मग जंगलातून आणि जमिनीतून झिरपणाऱ्या पाण्यावर उरलेलं वर्ष काढायचं. चैत्र-वैशाखात ती सर्वांत बारीक व्हायची.

आता पुलाखालचा तो खडक बघून ठेवा. त्याच्यावर बगळा बसलाय, धोतर वाळत घातलंय. पावसाचा मागमूस नाही, आभाळ कोरडं ठणठणीत आहे. तरी पुढच्या काही तासांत तो खडक पाण्याखाली जाईल. धोतर कुणीतरी आधीच उचलेल, कारण इथल्या माणसांना हे रोजचं आहे.

(दृश्य: इंदूर. भंवरकुआं चौकातली गर्दी, मग सिमरोलचा घाट.)

इंदूरहून खंडव्याच्या रस्त्याला लागलं की सिमरोल, घाट, बलवाडा, बडवाह आणि मग हा पूल. अंतर फार नाही, पण मधे विंध्याची कड ओलांडावी लागते. इंदूर शहर माळव्याच्या पठारावर आहे. शहराची स्वतःची कान्ह नदी उत्तरेला वाहते, क्षिप्रेला मिळते आणि तिचं पाणी चंबळ-यमुनेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जातं. नर्मदा आहे कडेखाली, पश्चिमेला वाहणारी. तरी इंदूरच्या नळाला पाणी येतं ते नर्मदेचंच. १९७० साली त्यासाठी शहरात आंदोलन झालं आणि १९७८ पासून मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पाणी पंपांनी पठारावर चढवलं जाऊ लागलं. रामबागेत, नारायण बागेत राहणारी मराठी घरं सकाळी जे पाणी भरतात, ते इथून डोंगर चढून आलेलं असतं.

म्हणजे नदीचं पाणी शहराकडे जातं, हे इंदूरकराला ठाऊक आहे. शहराची संध्याकाळ नदीत कशी उतरते, ते मात्र मासेमाराला जास्त ठाऊक आहे.

(दृश्य: नकाशा. वरून खाली तीन धरणांची नावं उमटतात.)

खंडवा जिल्ह्यात पुनासाजवळ इंदिरा सागर. साठवणक्षमतेच्या हिशेबात देशातला सर्वांत मोठा जलाशय. १२५ मेगावॉटचे आठ संच, एकूण १००० मेगावॉट. हरसूद हे गाव २००४ मध्ये याच जलाशयासाठी रिकामं झालं. त्याच्या खाली ओंकारेश्वर, ६५ मेगावॉटचे आठ संच, ५२० मेगावॉट. आणखी खाली मंडलेश्वरजवळ महेश्वरचं धरण, ज्याची भिंत उभी राहिली पण वीज काही सुरू झाली नाही. त्याच्या पुढे सरदार सरोवराचा फुगवटा लागतो. वाहती म्हणावी अशी नर्मदा या भागात उरली आहे ती मुख्यतः ओंकारेश्वर ते मंडलेश्वर एवढ्या पट्ट्यात.

कोळशाचं वीजकेंद्र थंड पडलं की पुन्हा पेटवायला तास लागतात. पाण्याचा संच काही मिनिटांत फिरू लागतो. म्हणून संध्याकाळी दिवे, पंखे, कूलर एकदम लागले, मागणी वर गेली, की जलविद्युत संच चालू करायचे आणि मागणी उतरली की थांबवायचे. ग्रिडच्या दृष्टीनं ही फार सोयीची गोष्ट. नदीच्या दृष्टीनं तो दिवसभरात येऊन जाणारा छोटा पूर. शिवाय १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यानुसार २८ दशलक्ष एकर-फूट पाण्याची चार राज्यांत वाटणी झालेली आहे: मध्य प्रदेशाला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला पाव. गुजरातच्या वाट्याचं पाणी याच पात्रातून खाली जायचं. चैत्रात पाणी कधी आणि किती चढणार, हे आता ढगांवर अवलंबून नाही.

(दृश्य: रावेरखेडी. पेशव्यांची समाधी, मागे नदीचं रुंद पात्र.)

पूर्वी हे कसं होतं, ते कळायला रावेरखेडी बरी. बडवाहच्या खालच्या अंगाला, दक्षिण तीरावर. थोरल्या बाजीरावांचा मृत्यू इथे झाला, २८ एप्रिल १७४० रोजी. मराठी माणूस इथे समाधीपुढे हात जोडून परत फिरतो. आम्ही सांगू, जरा नदीकडेही पाहा. फौजांचा तळ इथे पडण्याचं एक कारण म्हणजे इथला उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येण्याची जागा. हत्ती, घोडे, बाजारबुणगे घेऊन नदी पार करायची तर पाणी उतरलेलं हवं, आणि एप्रिलमध्ये ते उतरलेलंच असायचं. त्या भरवशावर मोहिमा आखल्या गेल्या. आज कुणी एप्रिलमध्ये उतारावरून नर्मदा ओलांडायचं ठरवलं, तर त्याला आधी धरणावरून किती पाणी सुटतंय याची चौकशी करावी लागेल.

हे गमतीनं म्हटलं, पण गोष्ट गमतीची नाही. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यातल्या धाराजीला भूतडी अमावास्येची जत्रा होती. आपल्या पंचांगात ही फाल्गुनातली अमावास्या, पाडव्याच्या तोंडावरची. हजारो माणसं नदीकाठी, पात्रातल्या खडकांवर उतरली होती. इंदिरा सागरातून वीजनिर्मितीसाठी सोडलेलं पाणी रात्री तिथे पोचलं. साठहून अधिक माणसं गेली. पुढे ओंकारेश्वरच्या जलाशयात ते धाराजीही बुडालं. २०२३ च्या एप्रिलमध्ये ओंकारेश्वरला असंच अचानक पाणी वाढलं, आंघोळीला उतरलेले भाविक खडकांवर अडकले आणि नावाड्यांनी त्यांना बाहेर काढलं.

(दृश्य: ओंकारेश्वरच्या खाली, दुपार उतरताना. डोंग्यात जाळं आवरणारे हात.)

आता मासा काय करतो, ते बघू.

थंड मुलखात वसंत म्हणजे चढतं पाणी हे समीकरण फार जुनं आहे. बर्फ वितळतं, नदी आठवडेच्या आठवडे फुगलेली राहते, काठची कुरणं बुडतात आणि पाईकसारखा मासा त्या बुडालेल्या गवतात अंडी घालतो. आपल्याकडे हिमालयातून उतरणाऱ्या गंगेवरही गळ टाकणारे फेब्रुवारी ते एप्रिलचा काळ धरतात, पुढे बर्फाचं गढूळ पाणी सुरू झालं की सोनेरी महाशीर गळाला येणं कठीण. तिथला पूर सावकाश येतो, सावकाश जातो, दरवर्षी साधारण त्याच सुमारास येतो. माशाच्या कित्येक पिढ्या त्याला सरावल्या आहेत.

इथला पूर दोन-चार तासांचा. मासा त्याच्याशी जुळवून घेतो, पण त्याला रोज नव्यानं जागा बदलावी लागते.

पाणी चढायला लागलं की मधली धार जोर धरते. धारेत उभं राहायला ताकद लागते, म्हणून मासा कडेला सरकतो. मोठ्या खडकाच्या पाठीमागे, घाटाच्या पायऱ्यांच्या कोपऱ्यात, उंबर-जांभळीच्या मुळांपाशी, जिथे पाणी उलटं फिरतं अशा भोवऱ्याच्या काठावर. नुकत्याच भिजलेल्या जमिनीतून मुंग्या, किडे, गांडुळं वर येतात. काठावर सांडलेले चणे आणि कणकेच्या गोळ्याही तरंगू लागतात. चढत्या पाण्याची ही पहिली वेळ फेकजाळ्याची. डोंगा मधे नेण्याचं कारण नाही. काठावरून, गुडघाभर पाण्याकडे तोंड करून जाळं फेकायचं. नवखा माणूस मात्र मधल्या खोल धारेकडे बघत बसतो, कारण त्याला वाटतं मोठं पाणी तिथे मोठा मासा.

लहान नाल्यांची आणि उपनद्यांची तोंडं ही दुसरी जागा. बडवाहजवळ चोरल नर्मदेला मिळते. एप्रिलमध्ये चोरलला स्वतःचं पाणी असं फार नसतं. नर्मदा चढली की तिचंच पाणी चोरलच्या तोंडात उलटं शिरतं, आणि त्याच्यामागून मासा. काळजी इतकीच की पाणी उतरायच्या आत तोंडाशी जाळं आडवं हवं. एकदा उतार लागला की मासा आल्या वाटेनं झपाट्यानं डोहाकडे परततो. उशीर झाला, तर हाती येतात ती फक्त बोटभर पोरं.

रात्रभर लावून ठेवायच्या जाळ्याचं या पाण्यात काही खरं नसतं. संथ पाण्यात ते भिंतीसारखं उभं राहतं. जोराच्या धारेत आडवं होतं, त्याची घरं मिटतात, वर निर्माल्य, पानं, चुनऱ्या, प्लास्टिक येऊन अडकतं. सकाळी जाळं सोडवण्यात जो वेळ जातो तेवढ्यात दुसरा माणूस मासे विकून घरी गेलेला असतो. म्हणून काही जण जाळ्याऐवजी दोर लावतात: काठाच्या झाडाला पक्की बांधलेली लांब दोरी, तिला ठरावीक अंतरावर गळ, टोकाला दगड. गळाला गांडूळ किंवा चिंगळ्या. याला पडिन लागतो, सिंघाड लागतो, बाम लागते. पडिन मोठ्या तोंडाचा आणि हावरा, गढूळ पाण्यातही वासावर येतो. रोहू आणि नरैन अशा वेळी फारसे तोंड लावत नाहीत.

एक गोष्ट पायाला आधी कळते. धरणातून येणारं पाणी जलाशयाच्या खालच्या थरांतलं असतं, त्यामुळे एप्रिलच्या उन्हातही ते गार लागतं. शिवाय स्वच्छ असतं, कारण गाळ वर जलाशयातच बसून गेलेला असतो. पाहुण्यांना ते फार आवडतं, फोटो चांगले येतात. पण माशाचं अंग पाण्याइतकंच गार-गरम होतं. पाणी एकदम गार झालं की त्याची भूक मंदावते. आणि गाळ नसलेलं पाणी पात्रातली वाळू-रेती उचलून पुढे नेतं, मागे उघडा कातळ राहतो.

(दृश्य: पाणी उतरल्यावरचे खडक. खळग्यांत साचलेलं पाणी, त्यात वळवळणारी पिल्लं.)

पाणी चढतं तेव्हा बातमी होते. नुकसान जास्त होतं ते उतरताना. काठाच्या उथळ पाण्यात आलेली पिल्लं खडकांच्या खळग्यांत अडकतात. ऊन चढतं, खळगा तापतो. कावळे आणि बगळे वेळेवर हजर असतात, तेही वेळापत्रक शिकले आहेत. रोज भिजून रोज सुकणाऱ्या पट्ट्यात शेवाळ धरत नाही, गोगलगायी टिकत नाहीत, आणि नर्मदेच्या महाशीरचं खाणं बरंचसं तेच: पाणवनस्पती, शेवाळ, गोगलगायी, किडे.

या महाशीरला इथे बाडस म्हणतात. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, धारेविरुद्ध उभा राहणारा मासा. २०११ मध्ये मध्य प्रदेशानं त्याला राज्यमासा ठरवलं. त्याला हवं असतं वाहतं, स्वच्छ, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी आणि अंड्यांसाठी गोट्यांचा तळ. अंडी जड असतात, गोट्यांच्या फटींत जाऊन बसतात. तिथे पाणी अखंड वाहत राहिलं पाहिजे. फटी कोरड्या पडल्या की अंडी संपली. भिंत ओलांडून वर जाणं त्याला शक्य नाही आणि जलाशयाच्या साचलेल्या पाण्यात त्याचं मन रमत नाही. बडवाहच्या वनविभागानं त्याच्या कृत्रिम प्रजननाचं काम हाती घेतलं आणि पिल्लं तयारही केली. काम चांगलंच आहे. पण तळ्यात वाढवलेलं पिल्लू ज्या नदीत सोडायचं, ती दिवसातून दोनदा वेगळी असेल, तर हिशेब फक्त पिल्लांच्या संख्येवर मांडून चालणार नाही. संच एकदम पूर्ण न चालवता टप्प्याटप्प्यानं चालवले, थांबवतानाही सावकाश थांबवले, आणि खाली कायम थोडं पाणी वाहू दिलं, तर पिल्लांना परत फिरायला वेळ मिळतो. जगात अनेक धरणांवर असं केलं जातं. विजेचा थोडा तोटा होतो, हेही खरं.

(दृश्य: घाटावरचा भोंगा. पायऱ्यांवर पाण्याची ओली रेघ.)

रविवारी इंदूरहून गळ घेऊन येणाऱ्यांसाठी थोडं. पात्राच्या मधल्या खडकावर बसू नका, मग तो कितीही सोयीचा दिसो. आल्याआल्या काठच्या दगडावरची ओली रेघ शोधा. काल पाणी कुठवर होतं ते ती सांगते, सामान तिच्या वर ठेवा. गाडी तर त्याहून वर. पाण्यालगत एक गोटा खूण म्हणून ठेवून अधूनमधून त्याच्याकडे नजर टाका. पाण्यावर अचानक काड्या, फेस, पानं वाहून येऊ लागली, तर पाणी वर निघालं आहे असं समजा आणि पाणी सुटल्याचा इशारा देणाऱ्या भोंग्याची वाट न पाहता काठ गाठा. भोंगा वाऱ्यात ऐकू येतोच असं नाही. आणि शेजारच्या केवटानं डोंगा वर ओढला, की तुम्हीही उठा. त्याला विचारत बसू नका.

१६ जून ते १५ ऑगस्ट राज्यात मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ, नदीचं पाणी त्या वेळी खरोखर पावसानं चढतं, गढूळ होतं, काठ बुडवतं, आणि रोहू-कतला-नरैन त्या पाण्यावर अंडी सोडायला निघतात. डोंगे काठावर पालथे पडतात, जाळी विणायला-सांधायला घरात येतात. त्या दोन महिन्यांत नियम मोडून मासे धरल्यास कैद किंवा दंड होऊ शकतो. गळ टाकणाऱ्यांनीही या तारखा लिहून ठेवाव्यात.