पहिल्या ट्रायथलॉनआधी सायकलची तयारी

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या ट्रायथलॉनला नाव नोंदवलं की सगळं लक्ष पोहण्याकडे लागतं आणि सायकल भिंतीला टेकलेलीच राहते. स्प्रिंट अंतराच्या स्पर्धेत 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणं असतं. यातला जवळजवळ निम्मा वेळ सायकलवर जातो. त्यासाठी महागडी सायकल लागत नाही. आहे तीच सायकल सुस्थितीत हवी, आणि तिच्यावर केलेला प्रत्येक बदल स्पर्धेआधी दोनतीन लांब फेऱ्यांत तपासलेला हवा. म्हणून कामाला तीन आठवडे आधीच लागा.

सुरुवात चेनपासून करा. चेन ताणून धरा आणि पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. तिथून पुढची चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर 12 इंचांवर, म्हणजे सुमारे 305 मिलिमीटरवर येते. ती दीड मिलिमीटर पुढे सरकली असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर सरकली असेल, तर मागच्या चाकाच्या कॅसेटचे, म्हणजे दातेरी चक्र्यांच्या संचाचे, दातही बहुधा झिजलेले असतात. अशा दातांवर नवी चेन जोर लावला की घसरते, आणि तीही नेमकी चढावर, उभं राहून पेडल मारताना. हे घरात स्टँडवर चाक फिरवून कळत नाही, रस्त्यावरच कळतं. चेन बदलण्याचं काम शेवटच्या दिवसांवर ढकलायचं नाही, ते यासाठीच.

गिअरची केबल गंजलेली किंवा टोकाला उसवलेली असेल तर तीही आत्ताच बदला. नवी केबल पहिल्या काही फेऱ्यांत जागेवर बसते आणि थोडी सैल पडते. मग चेन जास्त दातांच्या मोठ्या चक्रीवर चढायला कुरकुरते. अशा वेळी मागच्या डिरेलरजवळ, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाजवळ, केबल जिथे आत शिरते तिथली गोल चकती, घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवून पाहा. गरज वाटली तर आणखी पाव फेरा. डिरेलरवरच्या दोन बारीक स्क्रूंना मात्र उगाच हात लावू नका. ते चेनला दोन्ही टोकांना अडवतात. ते चुकले तर चेन थेट स्पोकमध्ये जाऊ शकते. सायकल उजव्या अंगावर पडली असेल, तर मागून पाहून डिरेलरच्या दोन छोट्या चक्र्या कॅसेटशी एका उभ्या रेषेत आहेत का, हे बघा. तिरक्या दिसल्या तर डिरेलर ज्या पट्टीवर बसतो ती वाकलेली असण्याची शक्यता मोठी. मग कितीही गिअर लावा, ते जुळणार नाहीत. ती पट्टी मेकॅनिककडून सरळ करून घ्या.

ब्रेकचं थोडक्यात. रिमवर दाबणाऱ्या पॅडच्या खाचा पुसल्या असतील, किंवा डिस्क ब्रेकच्या पॅडवर एक मिलिमीटरपेक्षा कमी थर उरला असेल, तर पॅड बदला. डिस्कचे नवे पॅड लगेच पूर्ण जोर देत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, पूर्ण न थांबता पंधरा-वीस वेळा ब्रेक दाबून वेग उतरवा. आणि डिस्कजवळ तेलाचा फवारा अजिबात नको.

आता टायर. काचेचे कण, खोल चिरा, बाजूच्या रबराच्या भेगा शोधा. हवा जास्त तितका वेग जास्त, हा समज सोडून द्या. खडबडीत रस्त्यावर कडक टायर उड्या मारतो आणि त्यात ताकद वाया जाते. 70 किलोच्या स्वाराला 28 मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरमध्ये 70 ते 75 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) बहुधा पुरे. पुढच्या चाकात त्याहून जरा कमी ठेवा. टायरवर आणि रिमवर लिहिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका.

पंक्चरचा सराव मागच्या चाकावरच करा, कारण अवघड तेच आहे. आधी चेन सर्वांत लहान चक्रीवर आणा, मग चाक काढा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट जपून फिरवा. काटा आतच राहिला तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते. हवा भरण्यापूर्वी टायर दोन्ही बाजूंनी दाबून ट्यूब कुठे चिमटली नाही ना, ते बघा. खोल रिम असेल तर सुट्या ट्यूबचा व्हॉल्व्हही लांब हवा.

एरोबार, म्हणजे पुढे झुकून हात टेकवायला हँडलवर बसवायचे दांडे, यांबद्दल आमचं स्पष्ट मत आहे. स्पर्धेला महिनाभरही उरला नसेल तर ते बसवू नका. त्यावर हात ब्रेकपासून दूर जातात, वजन पुढे झुकतं, आणि पाठीला त्याची सवय व्हायला वेळ लागतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सायकल पाण्याच्या हलक्या धारेने धुवा. जोराचा फवारा बेअरिंगमधलं ग्रीस काढतो. चेनच्या प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडा, पेडल उलटं फिरवा, थोड्या वेळाने बाहेरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून काढा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलजवळ ठकठक जाणवली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, सैल आहे. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं आहेत ना, तेही बघा. उघड्या नळीने पडल्यावर गंभीर इजा होते, म्हणून तपासणीत अशी सायकल अडवली जाते.

सकाळी हवा पुन्हा मोजा, रात्रीत ती थोडी उतरते. सायकल हलक्या गिअरवर ठेवा. पाण्यातून दमून आल्यावर पहिले काही मीटर जड गिअर ओढवत नाही. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडून ठेवा. सायकलला हात लावण्याआधी पट्टा लावलेला असणं नियमाने बंधनकारक आहे, आणि परत आल्यावर सायकल जागेवर लावेपर्यंत तो सोडायचा नाही. शेजारच्या सायकली लावताना आपल्या सायकलला धक्के बसतात. म्हणून पोहायला जाण्याआधी दोन्ही चाकं उचलून एकदा फिरवा आणि ब्रेक घासत नाही ना, ते पाहा.