सिएरा माद्रे

हे जहाज नीट बघा. पत्रा गंजून तांबडा झालाय, जागोजागी भोकं पडलीत. तरी त्यावर फिलिपिन्सचा झेंडा आहे आणि आत मूठभर नौसैनिक मुक्काम ठोकून आहेत.

नाव 'सिएरा माद्रे'. 1944 साली अमेरिकेत बांधलेलं, रणगाडे वाहून नेणारं जहाज. 1999 मध्ये फिलिपिन्सने ते दक्षिण चीन समुद्रातल्या सेकंड थॉमस नावाच्या प्रवाळावर हक्क राखायला मुद्दाम चढवून रुतवलं. त्याआधी चारच वर्षं जवळचं मिस्चिफ रीफ चीनने बळकावलं होतं. आज तिथे चिनी धावपट्टी आहे.

पलावान बेट इथून 200 किलोमीटरच्या आत. चीनची मुख्य भूमी हजारावर किलोमीटर लांब. तरी नकाशावर नऊ तुटक रेषा ओढून चीन दक्षिण चीन समुद्राचा बहुतेक भाग आपला म्हणतो. फिलिपिन्सने दाद मागितली आणि 12 जुलै 2016 रोजी हेगच्या लवादाने या दाव्याला कायद्याचा आधार नसल्याचा निकाल दिला. चीनने तो धुडकावला.

जहाजं, पैसा, भर घालून उभी केलेली बेटं, सगळ्यात चीन वरचढ. पण हे गंजकं जहाज कागदोपत्री आजही फिलिपिन्सच्या नौदलात आहे. त्यावर हल्ला झाला, तर फिलिपिन्सशी केलेला 1951 चा संरक्षण करार अमेरिकेला यात ओढू शकतो. म्हणून चीन तोफ डागत नाही, रसद अडवतो. 17 जून 2024 रोजी चिनी जवान सुरे, कुऱ्हाडी घेऊन फिलिपिन्सच्या रसद नेणाऱ्या रबरी बोटींवर चालून आले. एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. आपल्याच माणसांना अन्नपाणी पोचवायला निघालेला होता तो. या सगळ्या वादात मला तो अंगठा विसरता येत नाही.

फिलिपिन्सने उत्तर दिलं ते कॅमेऱ्याने. 2023 पासून तटरक्षक दलाच्या बोटींवर पत्रकार जाऊ लागले, चित्रफिती बाहेर येऊ लागल्या. 11 ऑगस्ट 2025 रोजी स्कारबरो या दुसऱ्या वादग्रस्त प्रवाळाजवळ फिलिपिनो बोटीचा पाठलाग करताना चीनचं तटरक्षक जहाज चीनच्याच युद्धनौकेवर आदळलं. जगाने ते त्याच दिवशी पाहिलं.

शेजारीही स्वस्थ नाहीत. व्हिएतनाम आपल्या ताब्यातल्या प्रवाळांवर भर घालतोय. एप्रिल 2024 मध्ये भारताच्या ब्राह्मोस क्षेपणास्त्रांची पहिली खेप फिलिपिन्समध्ये उतरली.

जुलै 2024 च्या तात्पुरत्या समझोत्यानंतर 'सिएरा माद्रे'ची रसद पुन्हा सुरू झाली. खारं पाणी मात्र पत्रा खातच राहतं. सिमेंट आणि लोखंड लावून नौसैनिकांनी त्याची डागडुजी केली आहे.